माळावरचे दगड आणि ट्रॅक्टरचे दंताळे

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघाले की मुरबाडच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना उतरते माळ दिसू लागतात. पावसाळ्यात ते हिरवेगार असतात. पाऊस सरला, गवत पिकले आणि कापणी झाली की त्याच गवताखालचे काळे दगड उघडे पडतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांची मुरबाड, शहापूर, अंबरनाथ या तालुक्यांत अशी वडिलोपार्जित वरकस जमीन आहे. भाताची खाचरे कोणीतरी कसत असते. वरकस मात्र तशीच पडून राहते. निवृत्तीनंतर तेथे दोन-चार गाई पाळाव्यात, निदान चांगले गवत राखावे, असा विचार मनात येतो आणि पहिला अडथळा उभा राहतो तो या दगडांचा.

त्यावर हल्ली चटकन सुचणारा उपाय म्हणजे जेसीबी. दिवसभरात माळ लख्ख होतो, मालकही समाधानाने घरी परततो. पण या उतारांवर मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरही नसतो. यंत्राच्या बादलीत दगडांबरोबर तीही जाते आणि खाली उरतो तो मुरूम. पुढच्या पावसाळ्यात तेथे गवत उगवत नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात उघडी पडलेली उतारावरची माती एका हंगामात ओढ्याला मिळू शकते. ती पुन्हा तयार व्हायला मात्र शेकडो वर्षे लागतात. म्हणूनच माती जागेवर ठेवून फक्त दगड गोळा करणारे अवजार येथे हवे. लहान ट्रॅक्टरमागे जोडायचे दंताळे हे तसे अवजार आहे.

मुळात हे दगड येतात कोठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. तो थंड होताना त्याला भेगा पडल्या. त्या भेगांत पाणी मुरून खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. बाहेरच्या पापुद्र्यांची माती होते आणि आतला टणक गाभा गोल धोंड्याच्या रूपाने शिल्लक राहतो. पाऊस दरवर्षी थोडी माती नेतो आणि खालचे गाभे वर दिसू लागतात. ‘दगड उगवतात’ असे गावकरी म्हणतात ते यामुळेच. याचा अर्थ असा की, माती धुपत राहिली तर दगड कितीही वेचले तरी ते संपणार नाहीत.

कामाचा आवाका आधी कागदावर मांडलेला बरा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावरचे सुटे दगड सारखे पसरले तर सरासरी एक इंच थर भरेल असे धरू. हे झाले सुमारे ९१ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक ब्रास. वजनात ते चार टनांच्या घरात जाते. एकरभर माळाचे छत्तीस ब्रास! घमेल्याने हे काम करणाऱ्यांच्या कमरेचे काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी.

घरच्या अंगणातले दंताळे सर्वांनी पाहिलेले असते. ट्रॅक्टरचे दंताळे हा त्याचाच मोठा भाऊ. चार ते पाच फूट रुंदीच्या लोखंडी दांडीला पुढे वळलेले, लवचीक पोलादी दाते बोटभर अंतराने बसवलेले असतात. ट्रॅक्टर पुढे चालला की माती दात्यांमधून मागे राहते आणि दगड पुढे ढकलले जातात. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेल्या तीन बिंदूंच्या जोडणीने ते ट्रॅक्टरला लागते आणि चालकाला बसल्या जागेवरून उचलता किंवा टेकवता येते. आपल्याकडे फळबागांत फिरणारा १५ ते २० अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर यासाठी पुरेसा आहे. अवजार मागवताना एक खबरदारी घ्यावी. कापलेले गवत गोळा करण्याचे दंताळे वेगळे असते. त्याचे नाजूक दाते दगडाला टिकत नाहीत.

हे अवजार गोळा करण्याचे आहे, खणण्याचे नाही, ही गोष्ट कायम लक्षात ठेवावी. दात्यांची टोके जमिनीला जेमतेम टेकली पाहिजेत. ती उंची टॉप लिंकची लांबी कमीजास्त करून साधता येते. मागे लहान चाके असतील तर दाते त्याहून खाली जात नाहीत. ट्रॅक्टर पहिल्या लो गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने न्यावा. अर्धे गाडलेले धोंडे आधी पहारीने सैल करून घ्यावेत. असा धोंडा साखळीने ओढायचाच असेल तर साखळी ट्रॅक्टरच्या मागील खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. ती टॉप लिंकला किंवा धुऱ्याच्या वर कोठेही बांधली आणि धोंडा हलला नाही, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. सावरायला क्षणाचीही उसंत मिळत नाही.

कामाचा हंगामही महत्त्वाचा. एप्रिल-मेमध्ये जमीन दगडासारखीच कठीण असते, दाते नुसते उड्या मारतात. शिवाय तोंडावर पावसाळा असताना माळ उकरून ठेवणे म्हणजे माती वाहून जायला वाट करून देणे. भर पावसात चाके रुततात. गवत कापून झाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीला वाफसा असेल ते दिवस उत्तम. दगड सहज सुटतात, गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि मोठा पाऊस लांब असतो.

सगळेच दगड मात्र काढायचे नाहीत. गवत कापणाऱ्याचा विळा ज्यावर आपटतो, जनावराचा पाय ज्यावर मुरगळतो, असे मुठीपेक्षा मोठे दगड काढावेत. बारीक खडे राहू द्यावेत. पावसाचे टपोरे थेंब ते स्वतःवर झेलतात, वाहत्या पाण्याचा वेग मोडतात आणि खालची ओल टिकवतात. अंगणासारखा स्वच्छ माळ डोळ्यांना बरा वाटतो, गवताला मानवत नाही.

गोळा झालेल्या दगडांचे काय करायचे, याचे उत्तर मुरबाड-शहापूरच्या जुन्या शेतकऱ्यांनी केव्हाच दिलेले आहे. उतारावरच्या खाचरांचे दगडी बांध पाहावेत. ते शेतातून निघालेल्या दगडांचेच आहेत. माळावरही तेच करावे. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने समान पातळीच्या खुणा घेऊन उताराला आडव्या, चुन्याच्या रेघा माराव्यात. ट्रॅक्टर सौम्य उतारावर सरळ खाली आणावा आणि रेघेवर आला की दंताळे उचलावे. दगडांची रास तेथेच राहते. शेजारच्या पट्ट्यातही तसेच केले की राशींची ओळ आपोआप समपातळीत लागते. मग हाताने, खाली थोडा पाया खणून, मोठे दगड तळाला व लहान वर असा बांध रचावा. पाणी त्यातून झिरपते, गाळ अडतो आणि काही पावसाळ्यांत बांधाच्या वरच्या अंगाला मातीची पट्टी तयार होते. सर्वांत दाट गवत तेथेच येते.

पुन्हा वर चढताना दंताळे वीतभरच उचललेले असावे आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला वजन लावलेले असावे. उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवणे टाळावे. चढ तीव्र असेल तर ट्रॅक्टर नेऊच नये, तेथे पहार आणि घमेलेच खरे. चालकाच्या डोक्यावर संरक्षक चौकट असलेला ट्रॅक्टर मिळाला तर तोच घ्यावा. दगडाखाली विंचू आणि फुरसे हमखास असतात. बांध रचणाऱ्यांनी बूट व हातमोजे घालावेत आणि दगड आधी पहारीने उलटावा.

कायद्याचीही एक बाजू आहे. स्वतःच्या जमिनीतले दगड तेथेच बांधाला लावणे निराळे आणि ट्रकमध्ये भरून विकणे निराळे. दगड हे गौण खनिज असल्याने ते विकायचे तर परवानगी आणि स्वामित्वधन लागते. विनापरवाना उत्खनन व वाहतुकीवर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली दंड होतो. लगतचे गायरान आपले समजून तेथे ट्रॅक्टर फिरवणेही योग्य नाही.

दगड निघाल्यावर जूनमध्ये मारवेल, पवन्या यांसारख्या स्थानिक गवतांचे बी किंवा ठोंब लावावेत आणि पहिला पावसाळाभर तेथे गुरे सोडू नयेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाणलोटाच्या कामांना चराईबंदीची जोड दिली, तेव्हा कमी पावसाच्या त्या माळांवरही गवत परतले. आपल्याकडे पाऊस भरपूर आहे. राखायची आहे ती माती. यंदा दिवाळीनंतर गावी जाल तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर सांगण्यापूर्वी माळावर चार ठिकाणी पहारीने वीतभर खड्डे घेऊन माती किती खोल आहे ते पाहा. मग एकाच गुंठ्यावर हा प्रयोग करा आणि एक पावसाळा जाऊ द्या. बांधाशी किती गाळ साठला, हे पाहिल्यावर उरलेल्या माळाचे काय करायचे ते ठरवता येईल.