ग्लुटामेटचे ग्राही आणि अपस्माराचा आवेग

मेंदूत उद्दीपनाचा संदेश पुढे पोहोचवणाऱ्या बहुतेक चेतापेशी ग्लुटामेट हे रसायन वापरतात. ते पुढच्या पेशीच्या पटलातील ज्या प्रथिनांना चिकटते त्यांना ग्राही म्हणतात, आणि अपस्मारात, म्हणजे बोलीभाषेतल्या फेफऱ्यात, असंख्य पेशी एकाच वेळी चेतवल्या जातात तेव्हा या ग्राहींचा वाटा नेमका कोणता, हा चेताविज्ञानातील एक मध्यवर्ती प्रश्न आहे. सोडियम ग्लुटामेट कुत्र्याच्या मेंदूत टोचले असता आचके येतात, असे जपानच्या केइओ विद्यापीठातील ताकाशी हायाशी यांनी १९५४ मध्ये नोंदवले होते. तरीही हा सर्वत्र आढळणारा पदार्थ संदेशवाहक असेल, हे मान्य व्हायला बराच काळ जावा लागला.

पुढचे बरेचसे ज्ञान उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे स्मृतीशी निगडित भागाच्या, सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या कापांतून मिळाले, कारण प्राणवायू मिसळलेल्या क्षारद्रवात असे काप कित्येक तास जिवंत राहतात. या द्रवातून मॅग्नेशियम काढून घेतले की कापात अपस्मारसदृश आवेग आपोआप उसळू लागतात. याचे मूळ एनएमडीए या ग्राहीच्या रचनेत आहे: एरवी त्याच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो आणि पेशी आधीच उद्दीपित झाली तरच तो हटतो, हे १९८४ मध्ये सिद्ध झाले. मात्र निरोधक संदेश देणाऱ्या गाबा या रसायनाचे ग्राही औषधाने बंद करून आवेग निर्माण केले, तर चित्र बदलते. तेथे एम्पा या जलद ग्राहीला रोखल्यावर आवेग शमतात, तर एनएमडीएला रोखल्याने ते बहुधा केवळ आखूड होतात. यावरून ठिणगी मुख्यतः एम्पाची आणि तिला लांबवण्याचे काम एनएमडीएचे, असे म्हणता येते. याहून महत्त्वाचे निरीक्षण चयापचयी ग्राहींचे आहे: ते स्वतः मार्ग उघडत नाहीत, पेशीच्या आत रासायनिक साखळी सुरू करतात, आणि त्यांपैकी पहिल्या गटाला काही काळ चेतवले तर औषध धुऊन काढल्यावरही कापातील आवेग दीर्घच राहतात. निरोगी ऊती अपस्मारी कशी बनते, याचा एक धागा येथे सापडतो.

कायनेट या ग्लुटामेटच्या आणखी एका प्रकारच्या ग्राहींचा पुरावा प्रयोगशाळेबाहेरही मिळाला. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपल्यांत हे ग्राही चेतवणारे डोमोइक आम्ल साठले होते. ते खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, काहींना झटके आले, काहींची स्मृती कायमची दुबळी झाली.

एवढे कळल्यावर एनएमडीए रोखणारे औषध हाच उपाय वाटणे स्वाभाविक होते. पण हाच ग्राही शिकण्याला आणि जाणिवेला आवश्यक असल्याने तो मार्ग अवघड ठरला. शिवाय २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या मेंदुदाहात शरीरातील प्रतिपिंडे हेच ग्राही कमी करतात, तरी रुग्णांना झटके येतात. म्हणजे ग्राही जास्त तितका अपस्मार अधिक, हे समीकरण चुकीचे आहे. यश आले ते एम्पाच्या बाजूने: पेरॅम्पॅनेल हे औषध २०१२ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्य झाले.

झटका लांबत गेला की गाबाचे ग्राही पटलावरून आत ओढले जातात आणि एनएमडीएचे पृष्ठभागावर वाढतात, त्यामुळे गाबाच्या ग्राहींमार्फत काम करणारी डायझेपामसारखी औषधे उत्तरोत्तर निष्प्रभ होतात आणि डॉक्टरांना कधी एनएमडीए रोखणारे केटामीन वापरावे लागते. म्हणून पाच मिनिटांत न थांबणाऱ्या झटक्याच्या रुग्णाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ न दवडता तातडीने रुग्णालयात न्यावे.