कलकत्त्याहून निघालेली चिनी भांडी

नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची गोष्ट आपण घरोघरी ऐकलेली आहे. आज या मुलखात फुटलेल्या एका हिंदुस्थानी जहाजाची ऐका.

टास्मानियात, लॉन्सेस्टनच्या क्वीन व्हिक्टोरिया म्युझियमकडे निळी-पांढरी चिनी भांडी आहेत : ताटल्या, कप, हात-तोंड धुवायचे कुंडे. आमचा जन्म इस्पितळात गेला, तेव्हा आम्हांला कौतुक कुंड्यांचं! जवळजवळ १८० वर्षे समुद्राच्या तळाशी राहूनही निळा रंग गेला नाही. कारण साधे आहे. कोबाल्टच्या रंगाने आधी नक्षी काढतात, वरून झिलई देतात, मग भट्टीत भाजतात. रंग काचेखाली बंद. खारे पाणी करणार काय?

हा माल 'सिडनी कोव्ह' जहाजाचा. नोव्हेंबर १७९६ मध्ये ते कलकत्त्याहून सिडनीला निघाले. दारू, चहा, तांदूळ आणि ही भांडी. खलाशी बहुतेक लास्कर, म्हणजे आपलेच हिंदी लोक. वाटेत जहाज गळू लागले. रात्रंदिवस पंप मारता मारता काही लास्कर थंडीने मेले. ९ फेब्रुवारी १७९७ रोजी कप्तान हॅमिल्टनने जहाज टास्मानियाच्या उत्तरेला एका लहान बेटाजवळ वाळूत घातले. त्या बेटाला आज प्रिझर्वेशन आयलंड म्हणतात.

मदत आणायला १७ जण होडीतून निघाले. त्यांत १२ लास्कर. पण होडीही व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर फुटली. तिथून सिडनी ६०० किलोमीटरहून लांब, आणि रस्ता कसला तो नाहीच! मग सगळे पायीच चालू लागले, बरं का मुलांनो. वाटेत इथल्या मूळ रहिवाशांनी कधी मासे दिले, कधी नदी पार करून दिली. कधी भालेही फेकले. मे महिन्यात सिडनीजवळ पोहोचले तिघेच. व्यापारी विल्यम क्लार्क, खलाशी जॉन बेनेट, आणि तिसरा? तिसऱ्याला नुसते 'लास्कर' म्हणतात. भांड्याच्या तुकड्याला म्युझियममध्ये नंबर असतो, पण या माणसाचे साधे नावसुद्धा नाही. आम्हांला हे फार लागले.

बुडालेले जहाज पाणबुड्यांना १९७७ साली सापडले. नंतर सरकारी संशोधकांनी तळ उकरून भांडी वर काढली.

बेटावर राहिलेल्यांना आणायला १७९७ मध्येच 'फ्रान्सिस' आणि 'एलायझा' अशी दोन लहान गलबते गेली. 'फ्रान्सिस' परत आले. 'एलायझा' मात्र आतल्या लास्करांसकट वाटेतच नाहीसे झाले.