‘अमेरिकेने भोपाळची केस फेटाळली’ म्हणजे नेमके काय झाले?

१२ मे १९८६ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश जॉन कीनन यांनी भोपाळ वायुदुर्घटनेचे जवळपास दीडशे दावे एका निकालात निकाली काढले. ‘हे खटले भारतात चालवा,’ असा त्या निकालाचा मथितार्थ होता. ‘फोरम नॉन कन्व्हिनियन्स’ या तत्त्वाचे सर्वांत गाजलेले उदाहरण हेच. त्याच्याभोवतीचे गैरसमज चाळीस वर्षे झाली तरी टिकून आहेत.

गैरसमज : दावा फेटाळला, म्हणजे युनियन कार्बाइड निर्दोष ठरली.

दोषाचा प्रश्न कीनन यांच्यासमोर आलाच नव्हता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी कसे शिरले, शीतयंत्रणा का बंद होती, देखरेख कोणाची होती, यातल्या एकाही मुद्द्यावर त्या न्यायालयात साक्षीपुरावा झाला नाही. खटला कुठे चालावा, एवढाच निर्णय झाला. तोही अटी घालून. कंपनीने भारतीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे, मुदत संपल्याचा बचाव घेऊ नये, तिथला अंतिम निकाल रीतसर प्रक्रियेने झालेला असेल तर तो पाळावा आणि कागदपत्रे उघड करण्याचे अमेरिकी नियम स्वतःला लागू करून घ्यावेत, या त्या अटी. जानेवारी १९८७ मध्ये अपील न्यायालयाने मूळ निर्णय कायम ठेवला. मात्र निकाल पाळण्याची अट काढून टाकली आणि कागदपत्रांची अट एकतर्फी नको, दोन्ही पक्षांना सारखी हवी असे सांगितले. पीडितांच्या हातातले भक्कम हत्यार गेले ते खरे इथे. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

गैरसमज : अमेरिकी न्यायालयाला अधिकारच नव्हता.

पुरेपूर होता. कंपनी न्यूयॉर्क राज्यात नोंदलेली आणि तिचे मुख्यालय शेजारच्या कनेक्टिकटमध्ये. पण अधिकार असूनही न्यायालय तो वापरायला नकार देते, हेच तर हे तत्त्व आहे. अधिकारच नसेल तर विवेक वापरायचा प्रश्न येत नाही.

हा विवेक कसा वापरायचा याची चौकट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये ‘गल्फ ऑइल’ खटल्यात घालून दिली. दुसरे सक्षम न्यायालय उपलब्ध आहे का, हे आधी बघायचे. मग साक्षीदार, कागदपत्रे, जागेची पाहणी, कोणता कायदा लागू होतो आणि कोणत्या समाजाचा या वादाशी जास्त संबंध आहे, हे तोलायचे. कीनन यांनी हा हिशेब बारकाईने मांडला. पीडित भोपाळचे, कारखाना चालवणारे कर्मचारी भारतीय, परवाने आणि तपासण्या भारत सरकारच्या, बरेचसे साक्षीदार इंग्रजी न बोलणारे. कारखान्याचे तपशीलवार आराखडे मुंबईच्या एका सल्लागार कंपनीने तयार केलेले. मूळ तांत्रिक संकल्पना अमेरिकेतून आली, हे त्यांनी नाकारले नाही, पण त्यांच्या तराजूत ते पारडे हलके ठरले. भारतीय उपकंपनीतली ५०.९ टक्के मालकी अमेरिकी कंपनीची होती, हे पाहता त्या पारड्याला थोडे अधिक वजन मिळायला हवे होते, असे मला वाटते.

गैरसमज : भारताने खटला इकडे मागितला आणि कंपनीने विरोध केला.

घडले नेमके उलटे. मार्च १९८५ मध्ये भारत सरकारने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि थेट न्यूयॉर्क गाठले. आपल्या न्यायालयांवर खटल्यांचा बोजा आहे, अपघातभरपाईचा कायदा पुरेसा विकसित नाही, एवढ्या मोठ्या खटल्याचा अनुभव नाही, अशी कैफियत सरकारच्या बाजूने मांडली गेली. तिला आधार होता भारतीय कायद्याचे अमेरिकी अभ्यासक मार्क गॅलंटर यांच्या प्रतिज्ञापत्राचा. उलट भारतीय न्यायव्यवस्था पूर्ण समर्थ आहे, हे कंपनीच्या बाजूने ठणकावून सांगणारे प्रतिज्ञापत्र होते मुंबईच्या नानी पालखीवाला यांचे. आपलेच सरकार आपल्या न्यायालयांची उणीदुणी काढते आहे आणि परदेशी कंपनी त्यांची तारीफ करते आहे, असा हा विचित्र देखावा. कीनन यांनी तारीफ उचलून धरली. खटला अमेरिकेत ठेवणे हा साम्राज्यवादाचाच एक नमुना ठरेल, असेही त्यांनी लिहिले. शब्द उमदे होते, पण ते कंपनीच्या सोयीचेही होते.

भारतीय कायदा अगदीच मागासलेला नव्हता, हे त्याच वर्षी दिसले. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने घातक उद्योगांवर कसलीही पळवाट नसलेले ‘निरपवाद दायित्व’ टाकले.

गैरसमज : दुसऱ्या देशात भरपाई कमी मिळते, एवढे कारण खटला टिकवायला पुरते.

पुरत नाही. १९७६ मध्ये स्कॉटलंडमध्ये एक छोटे विमान कोसळले. मृत सारे स्कॉटिश, विमान अमेरिकी बनावटीचे. स्कॉटलंडचा कायदा वारसांना कमी अनुकूल होता. तरीही १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो खटला तिकडे जाऊ दिला. उपाय नावापुरताच उरत असेल तरच हा मुद्दा वजनदार ठरतो, असे सांगितले. परदेशी फिर्यादीने अमेरिकी न्यायालय निवडले, तर त्या निवडीला कमी मान मिळेल, हेही त्याच निकालात आहे.

व्यवहारात मात्र जागा बदलली की दाव्याची किंमत बदलते. अमेरिकेत ज्युरी असते, दंडात्मक भरपाई असते, जिंकल्यावरच वाटा घेणारे वकील असतात. आपल्याकडे वकिलाला असा वाटा घेण्यास मनाई आहे. भोपाळचा दावा सप्टेंबर १९८६ मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला. तिथे ३५० कोटी रुपयांची अंतरिम मदत मंजूर झाली, उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. सरकारची मागणी तीनशे कोटी डॉलरहून अधिक होती. त्या तडजोडीचे सगळे खापर कीनन यांच्यावर फोडणे बरोबर नाही. सही आपल्याच सरकारची होती.

गैरसमज : हे तत्त्व सगळीकडे सारखे आहे आणि कंपन्यांच्याच पथ्यावर पडते.

इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८६ मध्ये ‘स्पिलियाडा’ जहाजाचा खटला स्वतःकडे ठेवला. व्हँकुव्हरहून भारतीय बंदरांकडे निघालेल्या गंधकाने जहाजाला गंज चढल्याचा तो वाद. तशाच दुसऱ्या जहाजाचा खटला इंग्लंडमध्ये आधीच सुरू असल्याने वकील आणि तज्ज्ञ तयार होते. २००० मध्ये तीन हजारांहून अधिक दक्षिण आफ्रिकी ॲस्बेस्टॉसपीडितांचा दावाही तिथेच राहिला, कारण मायदेशी त्यांना वकिलाचा खर्च झेपणारा नव्हता. आणि शेवरॉनची गोष्ट तर उलटीच झाली. टेक्साकोने इक्वेडोरमधले तेलप्रदूषणाचे खटले न्यूयॉर्कमधून तिकडे पाठवून घेतले. २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने तिचा वारस असलेल्या शेवरॉनवर अब्जावधी डॉलरची भरपाई बसवली. तिथला खटला लबाडीने चालवल्याचा आरोप घेऊन कंपनी निकालाआधीच पुन्हा न्यूयॉर्कला धावली होती. २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो आरोप मान्य केला.

गैरसमज : परदेशात दावा सुरू झाला की भारतात तोच दावा चालत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० च्या स्पष्टीकरणात याचे थेट उत्तर आहे : परदेशी न्यायालयात दावा प्रलंबित असणे, एवढ्यावरून भारतीय न्यायालयाला त्याच कारणावरचा दावा चालवण्यास मनाई होत नाही. पण कराराने हात बांधले असतील तर गोष्ट वेगळी. २००० मध्ये नैरोबीत झालेल्या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून मोदी एंटरटेनमेंटने मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. दुसऱ्या पक्षाने लंडनचे न्यायालय गाठले. लंडनचा दावा रोखणारा मनाईहुकूम मुंबईत मिळाला, पण खंडपीठाने तो उठवला आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाला दुजोरा दिला. इंग्लंडच्या न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचे कलम खुद्द करारात होते.

दुकानाच्या बिलाच्या तळाशी ‘सब्जेक्ट टू मुंबई ज्युरिसडिक्शन’ अशी ओळ असते, ती कोणी वाचत नाही. परदेशी नोकरीच्या किंवा व्यवसायाच्या करारात तशीच ओळ सिंगापूरची, लंडनची नाहीतर न्यूयॉर्कची असते. सही करण्याआधी ती शोधा. गैरसोयीची असेल तर त्याच वेळी वाटाघाट करा, कारण नंतर ‘तिकडे जाणे परवडत नाही’ या तक्रारीला न्यायालयात फारसे वजन मिळत नाही.