लहान मूल खरंच विसरून जातं का?

घरात मृत्यू झाला, अपघात झाला, पुराचं पाणी शिरलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्याला काय कळतंय, लहान आहे, विसरून जाईल." दोन दिवसांनी मूल खेळताना दिसलं की सगळे निर्धास्त होतात. पण ते काय खेळतंय, याकडे सहसा कुणी बघत नाही.

१९७६ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे शाळेच्या बसमधून २६ मुलांचं अपहरण झालं. चालकासह त्यांना जमिनीखाली पुरलेल्या ट्रकमध्ये कोंडलं होतं. साधारण १६ तासांनी ती सगळी जिवंत बाहेर आली. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी पुढे या मुलांचा अभ्यास केला. चार वर्षांनंतरही त्यांची भीती गेलेली नव्हती. काही मुलं तर घडलेलं तेच ते खेळत राहिली, आणि त्या खेळात मजा नव्हती.

पाच वर्षांच्या मुलाला "मला त्या प्रसंगाची भीती वाटते" असं सांगता येत नाही. ते गाड्या आपटत राहतं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, अंगठा तोंडात जातो, आई दोन मिनिटं दिसेनाशी झाली तरी रडू फुटतं, रोज पोट दुखतं. काही मुलं उलट अगदी गप्प होतात. अशा मुलाचं "किती समजूतदार झालंय!" म्हणून कौतुक होतं, आणि नेमकं तेच नजरेतून सुटतं. लहानांची लक्षणं अशी वेगळी दिसतात म्हणूनच अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पीटीएसडी या आजाराचे वेगळे निकष दिले.

अंथरूण ओलं झालं तर रागावू नका, चारचौघांत तर बोलूच नका. जेवणाची, झोपेची वेळ शक्य तितकी पूर्वीसारखी ठेवा. टीव्हीवर तीच दृश्यं पुन्हा पुन्हा लागत असतील तर तो बंद करा.

आणि खरं सांगा, थोडक्यात सांगा. "आजोबा झोपलेत" असं ऐकलेलं मूल रात्री स्वतः झोपायला घाबरू शकतं. "आजोबा वारले, ते परत येणार नाहीत, मी तुझ्याजवळ आहे" हे ऐकायला कठोर वाटलं तरी मुलाला समजतं. तोच प्रश्न ते दहा वेळा विचारेल. दहाही वेळा तेच उत्तर द्या. पण काय झालं ते सांग म्हणून मागे लागू नका. खेळ थांबवू नका, शेजारी बसा. गाडी पुन्हा आपटली तर "आता अँब्युलन्स येते का?" असं विचारून पाहा.

सुरुवातीचे काही आठवडे असं वागणं स्वाभाविक आहे. महिना उलटूनही ते कमी होत नसेल, किंवा त्याआधीच खाणं, झोप, शाळा बिघडली असेल तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर पालकांनाही बोलता येतं. मुलाला कुणाकडून त्रास होत असल्याची शंका असेल तर मात्र महिनाभर थांबायचं नाही, लगेच १०९८ फिरवायचा.