पहिलाच समुपदेशक चुकला तर?

कॅलिफोर्नियातल्या तीन शाळांमधल्या ५६२ विद्यार्थ्यांना एका प्रयोगात ध्वनिफीत ऐकवली गेली. फितीत डॉक्टर किशोरवयीन रुग्णाशी बोलत होते. काहींच्या फितीत डॉक्टर 'हे आपल्यातच राहील' असं सांगत, काहींच्या फितीत गुप्ततेचा विषयच नव्हता. अशा डॉक्टरांकडे पुन्हा जाल का, या प्रश्नाला हमी न ऐकलेल्यांपैकी ५३ टक्के 'हो' म्हणाले, कुठल्याही प्रकारची हमी ऐकलेल्यांपैकी ६७ टक्के. 'काही गोष्टी मात्र मला सांगाव्या लागतील' अशी अट घातलेल्या फितीलाही ६२ टक्के होकार मिळाले. हा अभ्यास १९९७ सालचा. थोडक्यात, मर्यादा आधीच सांगितली तर मुलं ती समजून घेतात.

फितीतल्या डॉक्टरच्या एका वाक्याने एवढा फरक पडतो, तर समोर बसलेल्या समुपदेशकाने शब्द मोडल्यावर काय होत असेल?

आपल्याकडे भेट ठरवतात आईबाबा, फी भरतात तेच, आणि मुलगी बाहेर आली की 'मग, काय म्हणाली?' हे समुपदेशकाला विचारणारेही तेच. अशा वेळी मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सहज बोलून टाकली जाते. किंवा आत बसलेली असतानाच तिला 'एवढ्याशा गोष्टीचं काय टेन्शन घेतेस, अभ्यासात लक्ष घाल' असं ऐकावं लागतं. मोठ्या माणसाला एक डॉक्टर पटला नाही तर तो दुसरा शोधतो, कारण त्याने आयुष्यात अनेक डॉक्टर पाहिलेले असतात. चौदा वर्षांच्या मुलीसाठी मात्र समोरची ती एकच व्यक्ती म्हणजे अख्खा व्यवसाय असतो.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ पीटर फोनागी यांनी या विश्वासाचा बारकाईने विचार केला आहे. समोरचा सांगतोय ते खरं आहे आणि माझ्या उपयोगाचं आहे, हे मानण्याची तयारी असल्याशिवाय माणूस दुसऱ्याकडून काही शिकत नाही, असं ते म्हणतात. ही तयारीच मोडली की पुढच्या चांगल्या समुपदेशकाचा सल्लाही कानाआड होतो. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तरुणांना अडवणाऱ्या गोष्टींत 'लोक काय म्हणतील'च्या बरोबरीने गुप्ततेबद्दलचा अविश्वास होता. मदत मागायला बळ देणाऱ्या गोष्टींत आधीचा चांगला अनुभव होता.

पण चूक झाली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. इंग्लंडमधल्या 'इम्पॅक्ट' या अभ्यासात ११ ते १७ वयाची, नैराश्य असलेली ४६५ मुलं होती. उपचार मध्येच सोडलेल्यांपैकी काहींशी बोलल्यावर तीन प्रकार दिसले: उपचारांवर नाराज असलेली, हवं तेवढं मिळालं म्हणून थांबलेली आणि आयुष्यातल्या उलथापालथीमुळे येऊ न शकलेली. पुढे भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा नाराज मुलांच्या बाबतीत थेरपिस्टशी खटके जास्त उडालेले आणि बरेचसे तसेच राहिलेले आढळले. त्या खटक्यांत थेरपिस्टचा वाटाही मोठा होता. मला यातला 'तसेच राहिलेले' हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण उडालेला खटका वेळीच मिटवता येतो.

अडचण अशी, की किशोरवयीन मुलं सहसा भांडत नाहीत. न्यूयॉर्कचे जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी खटक्यांचे दोन प्रकार सांगितले: एकात माणूस थेट विरोध करतो, दुसऱ्यात आक्रसून घेतो. मुलांचा बहुधा दुसरा. 'माहीत नाही', 'ठीक आहे', मग 'आता मला बरं वाटतंय', आणि पुढच्या आठवड्यात क्लास असतो. आईबाबांना वाटतं, चला, सुटलो.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार होता. म्हणजे दुसऱ्यांदा कुणाचं तरी दार वाजवावं लागणारी मुलंही थोडी नसणार. तिथे लक्षणांच्या यादीआधी 'मागच्या ठिकाणी काय झालं, काय आवडलं नाही?' हे विचारायला हवं, आणि तेवढा वेळ आईबाबांनी बाहेर थांबायला हवं.