काखेत कळसा, गावाला वळसा

यंदाच्या पर्यावरण प्रकल्पाचा शेवटचा दिवस होता. प्रकल्प महाविद्यालयाच्या सर्व्हरवर दाखल करावयाचा, आणि तोही महाविद्यालयाच्या इमारतीत बसूनच. कारण हा सर्व्हर बाहेरून उघडत नाही. ग्रंथालयातील कोपऱ्यातल्या डेस्कटॉपसमोर आम्ही नऊ-दहा जण रांगेत उभे होतो. माझी पाळी आली. फळ्यावर लिहून दिलेले नाव मी एकेक अक्षर तपासून टंकले आणि कळ दाबली. पडद्यावर उत्तर आले की, असा पत्ता सापडत नाही. पुन्हा टंकले, पुन्हा तेच.

खरे सांगायचे तर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, माझ्याच हातून काहीतरी बिघडले. कोरीटला आमच्या घरी मोबाइल आहे, पण महाविद्यालयात येईपर्यंत मी माउस हातात धरला नव्हता. मागच्या मुलालाही तेच उत्तर मिळाले, तेव्हा कुठे जिवात जीव आला. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "नेट बंद आहे, उद्या या." अक्राणीकडच्या माझ्या दोन मैत्रिणींना शेवटची एस.टी. गाठायची होती. त्या ते ऐकून निघून गेल्या. आणि गंमत अशी की, थोड्याच वेळात एकाने त्याच यंत्रावर सहज रेल्वेचे वेळापत्रक उघडून पाहिले, तर ते लगेच उघडले! दूरचे पान उघडते आणि भिंतीपलीकडच्या खोलीतला सर्व्हर मात्र सापडत नाही, हे कसे?

शेवटी संगणक कक्षातील सर आले. त्यांनी नावाऐवजी काही आकडे टंकले आणि पान उघडले. आमचे प्रकल्प दाखल झाले. सर हसून म्हणाले, "सर्व्हर जागेवर आहे, नेटही आहे. या यंत्राने पत्ता चुकीच्या ठिकाणी विचारला, एवढेच." ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. पुढे सुट्टीत सरांना विचारून आणि पुस्तके चाळून जे समजले, ते येथे मांडत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तेव्हा वाचकांनी तंत्राच्या नावाने घाबरून पान उलटू नये, ही विनंती.

संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, क्रमांकाने ओळखतात. नावे असतात ती आपल्यासाठी. ही गोष्ट नंदुरबार जिल्ह्यातील माणसाला तरी नवी वाटू नये. आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. एकाच नावाची माणसे गावोगाव असतात. सातबाऱ्यावर नाव एका तऱ्हेने लिहिलेले, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने. बारा आकडी क्रमांक मात्र एकाचा एकच. त्याही आधी टपाल खात्याला हीच अडचण आली होती. एकाच नावाची गावे अनेक आणि पत्ते लिहिण्याच्या भाषा अनेक. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या अधिकाऱ्यांनी पिनकोडची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. हे वेलणकर संस्कृतचे कवीही होते, हे आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांना सुखावणारे आहे.

पण क्रमांक माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून कोणत्या नावाचा कोणता क्रमांक, हे सांगणारे कुणीतरी मध्ये हवे. संगणकांचे जाळे लहान होते तेव्हा हे काम एका यादीवर चाले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ही यादी ठेवली जाई आणि इतर संगणक तिची नक्कल उतरवून घेत. जाळे वाढले तशी यादी हाताबाहेर गेली. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी कामाची वाटणी करणारी नवी पद्धत मांडली. तिलाच डोमेन नेम सिस्टिम किंवा थोडक्यात डी.एन.एस. म्हणतात. भारतासाठी 'डॉट इन' हे टोकाचे नाव १९८९ मध्ये मिळाले, आणि त्याचा कारभार अनेक वर्षे मुंबईतील जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने पाहिला. २०१४ पासून तर देवनागरीत 'डॉट भारत' असेही नाव घेता येते, आणि त्यात आपली मराठीही आहे.

ही वाटणी कशी चालते, ते पाकिटावरचा पत्ता पाहिला की कळते. मु. कोरीट, ता. जि. नंदुरबार, महाराष्ट्र. आपण लिहिताना गाव आधी लिहितो. पण टपाल वाटणारा शेवटाकडून वाचतो. आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका, सर्वांत शेवटी गाव. संगणकाचे नावही असेच उजवीकडून डावीकडे उलगडत जाते. 'डॉट इन' सांभाळणारा सर्व्हर प्रत्येक संस्थेतल्या प्रत्येक यंत्राचा क्रमांक जाणत नाही. तो एवढेच सांगतो की, या संस्थेचा कारभार अमक्याकडे आहे, पुढचे त्याला विचारा.

आता आमच्या अडचणीकडे येते. आमच्या गावात एका आजोबांना सगळे 'मास्तर' म्हणतात. त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवले नाही. पण हे नाव पडले ते पडले. गावात कुणालाही विचारा, मास्तरांचे घर दारापर्यंत नेऊन दाखवतील. पण नंदुरबारच्या टपाल कचेरीत जाऊन 'मास्तर कुठे राहतात?' असे विचारले तर 'असे कुणी नाही' हेच उत्तर मिळेल. कचेरी खोटे बोलत नाही. तिच्या यादीत ते नाव नाही, इतकेच.

महाविद्यालय, बँक, कारखाना अशा संस्थांच्या आतल्या सर्व्हरांची नावे ही अशी गावातली नावे असतात. त्यांचे क्रमांकही बहुधा १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होणारे, म्हणजे घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले असतात. ही नावे संस्थेच्या आतल्या डी.एन.एस. सर्व्हरलाच ठाऊक असतात. आमच्या ग्रंथालयातले यंत्र काही आठवड्यांपूर्वी दुरुस्त होऊन आले होते. दुरुस्त करणाऱ्याने डी.एन.एस.च्या रकान्यात आतल्या सर्व्हरऐवजी ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक क्रमांक हाताने भरून ठेवला होता. त्यामुळे रेल्वेचे वेळापत्रक सापडत होते आणि शेजारची खोली सापडत नव्हती. मोबाइलवरून प्रयत्न करणाऱ्यांनाही यश आले नाही, कारण मोबाइलही बाहेरच विचारतो. आणि क्रमांक ठाऊक असता तरी बाहेरून या सर्व्हरपर्यंत वाट नाही.

मग असा प्रसंग आला तर काय करावे? सरांनी शिकवलेला क्रम मला फार उपयोगी वाटला.

प्रथम शेजारच्या यंत्रावर तेच नाव उघडून पाहावे. सर्वच यंत्रांवर अडत असेल तर दोष सर्व्हरकडे किंवा जाळ्यात असण्याचा संभव अधिक. एकाच यंत्रावर अडत असेल तर त्या यंत्राची तपासणी करावी. दुसरे, सर्व्हरचा क्रमांक ठाऊक असल्यास नावाऐवजी तो टंकून पाहावा, किंवा 'पिंग' या आज्ञेने त्याला हाक मारावी. क्रमांकाने उत्तर आले आणि नावाने आले नाही, तर वायर, वीज, सर्व्हर सगळे ठीक आहे. दोष नावाच्या शोधात आहे, हे नक्की झाले. निम्मे काम येथेच होते.

तिसरे, यंत्र पत्ता कुणाला विचारते ते पाहावे. विंडोजच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकली की, 'डी.एन.एस. सर्व्हर्स' या ओळीसमोर त्याचा क्रमांक दिसतो. तो आतल्या सर्व्हरचा हवा. चौथे, 'एनएसलुकअप' या आज्ञेपुढे नाव देऊन त्या सर्व्हरला थेट प्रश्न करावा. त्याच आज्ञेत नावापुढे दुसऱ्या सर्व्हरचा क्रमांक लिहिला, तर तोच प्रश्न त्यालाही विचारता येतो. आतला सांगतो आणि बाहेरचा 'नाही' म्हणतो, असे दिसले की निदान झाले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बरेच जण आतला सर्व्हर पहिला ठेवतात आणि 'असू द्या हाताशी' म्हणून दुसऱ्या जागी बाहेरचा भरतात. त्यांना वाटते, पहिल्याला माहीत नसले तर यंत्र दुसऱ्याला विचारील. पण तसे घडत नाही. पहिला सर्व्हर गप्प राहिला, तरच यंत्र दुसऱ्याकडे वळते. कुणी एकाने स्पष्ट 'असे नाव नाही' म्हटले की, ते उत्तर समजून यंत्र थांबते. मौन आणि नकार यांत संगणक असा भेद करतो. म्हणून आतला सर्व्हर क्षणभर मंदावला, प्रश्न बाहेरच्याकडे गेला आणि त्याने नकार दिला, तर सकाळी उघडणारे पान दुपारी उघडत नाही. असा येता-जाता दोष सर्वांत जास्त छळतो. यावर उपाय असा की, यंत्रात फक्त आतलेच डी.एन.एस. सर्व्हर द्यावेत. बाहेरच्या नावांची चौकशी त्या सर्व्हरने करावी, ते त्याचे काम आहे. हाताने आकडे भरण्यापेक्षा 'आपोआप घ्या' हा पर्याय निवडलेला बरा. म्हणजे जाळेच योग्य क्रमांक देते. आमचे यंत्र शेवटी एवढ्यानेच सुधारले.

एवढे करूनही अडले तर यंत्राची स्मरणशक्ती तपासावी. एकदा मिळालेले उत्तर यंत्र ठराविक मुदतीपर्यंत लक्षात ठेवते, आणि 'नाही' हे उत्तरही ठेवते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. पण आमच्या घरच्या ट्रंकेतील जुन्या कागदांवर अजून 'जि. धुळे' असेच आहे. त्या कागदांवर विसंबून कुणी आज धुळ्याला खेटे घातले तर काय होईल? तसेच यंत्राचे होते. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' या आज्ञेने जुनी आठवण पुसता येते. याशिवाय यंत्रात 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल असते. खिशातल्या चिठ्ठीसारखी ती आधी पाहिली जाते. तिच्यात कुणी पूर्वी जुना क्रमांक लिहून ठेवला असेल तर यंत्र कुणाला विचारीतच नाही. 'एनएसलुकअप' मात्र ही चिठ्ठी आणि ही आठवण दोन्ही पाहत नाही. म्हणून त्याचे उत्तर बरोबर येऊनही 'पिंग' चुकीच्या क्रमांकाकडे जात असेल, तर या दोन जागा पाहाव्यात.

आणखी दोन बारकावे. नाव अर्धे टंकून चालत नसेल तर पूर्ण नाव टंकून पाहावे. अर्ध्या नावापुढे संस्थेचे नाव जोडण्याची सूचना यंत्रात नसेल तर ते 'मास्तर' कोणत्या गावचे, हे त्याला कसे कळावे? आणि 'पिंग' चालते पण पान उघडत नाही असे झाले, तर ब्राउझरची सेटिंग पाहावी. काही ब्राउझर यंत्राला नेमून दिलेला सर्व्हर सोडून, 'सुरक्षित डी.एन.एस.' या सोयीखाली परस्पर बाहेर चौकशी करतात. सोय चांगली आहे, पण आतल्या नावासाठी तिचा उपयोग नाही.

जे आतली नावे ठेवतात त्यांनीही विचार करावा. पूर्वी अनेक ठिकाणी आतल्या नावाच्या टोकाला 'डॉट लोकल' लावीत. परंतु २०१३ पासून ते टोक दुसऱ्याच पद्धतीसाठी राखीव आहे, त्यामुळे गोंधळ होतो. जगातील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने जुलै २०२४ मध्ये 'डॉट इंटर्नल' हे टोक खास अशा आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहे. ते बाहेर कधी कुणाला दिले जाणार नाही.

माझ्या त्या दोन मैत्रिणींचे प्रकल्प मुदतीनंतर दाखल झाले. त्यांना अर्ज लिहावा लागला, एक दिवस आणि दोन्हीकडचे गाडीभाडे गेले, आणि 'वेळेवर का आला नाहीत?' हा प्रश्न ऐकावा लागला. कुणाला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. पण 'नेट बंद आहे' हे तीन शब्द किती सहज उच्चारले जातात आणि लांबून येणाऱ्याला किती महाग पडतात, हे मी त्या दिवशी पाहिले. त्या वेळी आमच्यापैकी एकाला जरी क्रमांक टंकून पाहण्याची युक्ती ठाऊक असती, तरी त्या दोघी शेवटच्या गाडीने निर्धास्त गेल्या असत्या.

आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना 'सापडत नाही' हे उत्तर कचेऱ्यांच्या खिडक्यांवर नेहमीच ऐकू येते, आणि आम्ही मान खाली घालून परत फिरतो. यापुढे मी तरी आधी एवढे विचारणार आहे की, शोधले कुणाच्या यादीत? ग्रंथालयातल्या त्या डेस्कटॉपशेजारी आता सर्व्हरचा क्रमांक आणि तपासणीचा हा क्रम लिहिलेला कागद चिकटवला आहे. अक्षर माझे आहे. कुणाला ते लागले नाही तर ग्रंथालयात मला विचारावे, मी वाचून दाखवीन.