एका शब्दाने कान बंद होतात तेव्हा



ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाच्या बातम्या आपल्या मोबाईलवर येऊ लागल्या. त्यांच्या मागोमाग एक शब्दही आला, झायोनिझम. कुणी तो अभिमानाने वापरतं, कुणी शिवीसारखा. गटातल्या बायका आम्हाला विचारतात, "ताई, हा शब्द चांगला की वाईट?" आज आपण जरा वेगळा प्रश्न घेऊ. असा शब्द मध्ये आला की आपल्या बोलण्याचं काय होतं? ज्याला समोरच्याला काही पटवून द्यायचं आहे, त्याने हे समजून घ्यायलाच हवं.

आधी अर्थ बघू. झायन ही जेरुसलेममधली एक टेकडी. पुढे सगळ्या जेरुसलेमलाच ते नाव पडलं. त्यावरून १८९० साली युरोपात झायोनिझम हा शब्द निघाला. ज्यू लोकांना त्यांच्या जुन्या भूमीत स्वतःचं राष्ट्र हवं, असं म्हणणारी ही चळवळ. १८९७ साली थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात तिची पहिली परिषद भरली आणि १९४८ साली इस्रायल देश झाला.

पुस्तकातला अर्थ एवढाच. पण ऐकणारी शब्द ऐकते तो आपल्या आयुष्यातून. हिटलरच्या राजवटीत सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. ज्या बाईचं अख्खं घराणं त्यात संपलं, तिला या शब्दात ऐकू येतं, "आता आम्हाला कुणी हाकलणार नाही." १९४८ च्या लढाईत सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी लोकांना घरदार सोडावं लागलं. ते त्याला नकबा म्हणतात, म्हणजे महासंकट. कित्येक कुटुंबांनी त्या घरांच्या किल्ल्या अजून जपल्या आहेत. अशा घरातल्या नातीला त्याच शब्दात ऐकू येतं, "आमचं घर गेलं ते यामुळे."

आणखी दोन अर्थ आहेत. १९६७ च्या युद्धात इस्रायलने घेतलेल्या भागात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्यापुरताच काही जण हा शब्द वापरतात. आणि काही जणांना ज्यू लोकांचा सरसकट द्वेष करायचा असतो, ते 'ज्यू' म्हणण्याऐवजी 'झायोनिस्ट' म्हणतात. म्हणजे बोलणारी एका अर्थाने बोलते, ऐकणारी दुसऱ्याच अर्थाने ऐकते. भांडण लागतं, आणि नेमकं कशावरून लागलं हे दोघींनाही सांगता येत नाही.

या गोष्टीचा एक धागा आपल्या कोकणातही आहे. रायगडच्या गावांमध्ये बेने इस्रायली लोक शेकडो वर्षं राहिले. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी. १९४८ नंतर त्यांच्यातले बरेच जण इस्रायलला गेले. कुणी श्रद्धेपोटी गेलं, कुणी कामधंद्यासाठी, कुणी नातलग गेले म्हणून. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. तिथल्या काही धर्मगुरूंनी 'हे पुरते ज्यू नाहीत' म्हणत त्यांच्या लग्नांना अडथळे आणले, तेव्हा ते आंदोलनाला बसले. १९६४ साली सरकारला त्यांच्या बाजूने जाहीर करावं लागलं. आता सांगा, या सगळ्यांना एकाच शब्दाचं लेबल लावलं, तर त्यांच्याबद्दल आपल्याला काय कळलं?

मोठ्या सभागृहांतही असंच होतं. १९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 'झायोनिझम हा वंशवादाचा प्रकार आहे' असा ठराव केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. १९९१ साली त्याच आमसभेने तो ठराव रद्द केला. तेव्हा भारताने रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. सोळा वर्षांत शब्दावरचा शिक्का बदलला. पण घर गमावलेल्यांचं काय आणि दोन्हीकडच्या लोकांनी सुखाने राहायचं कसं, हे प्रश्न होते तिथेच राहिले.

असं का होतं? तापलेला शब्द कानावर पडला की ऐकणारी आपलं म्हणणं ऐकत नाही. ती आधी ठरवते, ही आपल्यातली की त्यांच्यातली? त्यांच्यातली वाटली की तिचे कान बंद. मग तीही एक शिक्का मारते. 'तू झायोनिस्ट' म्हटलं की उलट उत्तर येतं, 'तू ज्यूद्वेष्टी'. आधीपासून आपल्या बाजूच्या असतात त्या माना डोलावतात. पण त्यांना पटवायचं नव्हतंच. जिला पटवायचं होतं ती उठून गेलेली असते.

उपाय सोपा आहे, पण सवय लागते. शब्दाची गाठ सोडायची आणि आतली गोष्ट सांगायची. 'तू झायोनिस्ट' म्हणण्याऐवजी विचारा, "१९४८ मध्ये गाव सोडावं लागलेल्या कुटुंबाला परत येता यावं का?" 'तू ज्यूद्वेष्टी' म्हणण्याऐवजी विचारा, "७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली गेली. तिथल्या आईने मुलांना निर्धास्त कसं झोपवायचं?" आणि पुढे हेही विचारा, "त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो बायका-मुलं मारली गेली. त्यांचा काय दोष?" या प्रश्नांवर मतभेद होतील, पण बोलणं चालू राहील.

याचा अर्थ कडक शब्द कधी वापरूच नये असा नाही. अन्यायाला अन्याय म्हणावंच लागतं. पण आधी काय घडलं, कुणाबरोबर घडलं, ते सांगावं आणि मग शब्द वापरावा. ऐकणारीला तो शब्द का वापरला हे तरी कळतं.

आपल्या ग्रामसभेतही हे चालतं. बायका पाण्याचा विषय काढतात आणि कुणीतरी म्हणतं, "हे राजकारण आहे." झालं, पाणी राहतं बाजूला आणि राजकारण कोण करतंय यावर तासभर जातो. अशा वेळी त्या शब्दाशी भांडू नका. शांतपणे म्हणा, "नळाला किती दिवसांनी पाणी येतं, तेवढं सांगा."

पुढच्या बैठकीत एक करून बघा. वादात असा शब्द आला की बोलणारीला तीन गोष्टी विचारा. या शब्दाचा तुझा अर्थ काय? नेमकं कुणाचं काय झालं? आणि तुझ्या मते आता काय व्हायला हवं? तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांनी ऐकायचं. काय अनुभव आला ते आम्हाला जरूर कळवा.